रंगीत विणकामाची आंतली बाजू

संगमनेरची थंडी फार दिवसांची नसते. दिवाळी सरतां सरतां ती येते, मार्गशीर्ष-पौषांत तिचा जोर असतो आणि संक्रांतीनंतर ती हळूहळू ओसरते. त्यामुळें येथें हौसेनें लोकरीचें विणकाम करणारी गृहिणी सहसा मोठ्या स्वेटराच्या वाटेस जात नाहीं. तो पुरा होईपर्यंत थंडी निघून जावयाची आणि मग तो दहा महिने पेटींत पडून राहावयाचा! तिच्या हातून होतें तें लहान काम : तान्ह्या मुलाची कुंची, कानटोपी, पायमोजे, गळपट्टा.

वस्तु लहान असल्या तरी त्यांची गरज लहान नाहीं. शेतीपंपांना वीज कित्येक ठिकाणीं अद्यापि आळीपाळीनें रात्रीचीच मिळते, आणि गव्हाला पाणी देण्यासाठीं माणसाला मध्यरात्रीं चिखलांत उभें राहावें लागतें. याच दिवसांत साखर कारखान्यांचा गळिताचा हंगाम ऐन भरांत असतो. बीड-पाथर्डीकडून आलेलीं ऊंसतोडणी कामगारांचीं कुटुंबें पाचटाच्या कोप्यांत उतरतात. पहाटेच्या काळोखांत आईबाप फडावर जातात, तेव्हां तान्हें मूल जवळच बांधावर धडप्यांत गुंडाळून ठेवलेलें असतें. अशा मुलासाठीं कुंची विणावयाची झाली, तर ती बाहेरून कशी दिसेल याइतकेंच ती आंतून कशी आहे हें पाहावें लागतें. रंगीत विणकामांत नेमकें हेंच पुष्कळदां राहून जातें.

मराठींत मागावरच्या कामालाही विणणें म्हणतात आणि सुयांच्या कामालाही. वास्तविक दोन्ही क्रिया भिन्न आहेत. मागावर उभे व आडवे धागे एकमेकांना छेदून जातात. सुयांवर एकच धागा फांसाफांसांतून पुढें सरकतो. परंतु रंग मिसळण्याचा प्रश्न दोहोंकडे सारखाच आहे, आणि त्याचीं जीं उत्तरें आपल्या प्रांतांत मागावर सांपडलीं तीं सुईवालीलाही समजून घेण्याजोगीं आहेत.

अगदीं सोपें उत्तर घोंगडीचें. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. रंग बहुतेक काळा, कांहीं ठिकाणीं पांढरा. त्या नैसर्गिक रंगांचेच पट्टे घोंगडीच्या कांठांना दिसतात. एक रंग संपला कीं दुसरा सुरू. सुयांवर हेंच करावयाचें तर एक-दोन ओळी एका रंगाच्या व पुढच्या दुसऱ्या रंगाच्या विणाव्या. यांत चुकण्यासारखें फारसें कांहीं नाहीं आणि नवशिकीनें येथूनच आरंभ करावा.

दुसरें उत्तर येवल्याचें. कोपरगांवावरून येवल्यास जाणें संगमनेरकरांना कांहीं दूर नाहीं. तेथें पैठणीच्या पदरावरचा मोर ज्यानें मागावर विणला जात असतांना पाहिला असेल, त्याला हें ठाऊक असेल कीं विणकरापुढें निरनिराळ्या रंगांच्या कितीतरी लहान कांड्या लोंबत असतात. हिरवा धागा हिरव्या भागापुरताच जातो व मागें वळतो. शेजारचा लाल धागा त्याला अडकवून घेऊन आपल्या भागांत परततो. त्यामुळें मागें लोंबते धागे राहत नाहींत आणि पदराची उलट बाजूही सुलट बाजूसारखीच दिसते. सुयांच्या कामांत एखादें मोठें फूल किंवा मोठी चौकट भरावयाची असेल, तर हीच युक्ति योजतात : प्रत्येक रंगाचा लहान गुंडा वेगळा ठेवावयाचा आणि रंग बदलण्याच्या ठिकाणीं दोन्ही धाग्यांना एक पीळ द्यावयाचा. पीळ विसरला कीं तेथें भोंक पडलेंच.

तिसरें उत्तर स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या फेअर आईल नांवाच्या एका चिमुकल्या बेटावरून प्रसिद्धीस आलें. 1920 नंतरच्या दशकांत इंग्लंडच्या युवराजानें तशा नक्षीचा स्वेटर अंगांत घातला आणि ती नक्षी जगभर पसरली. तिचा नियम असा कीं एका ओळींत रंग दोनच. ज्या रंगाची पाळी असेल त्यानें टांका घालावयाचा. दुसरा धागा तोपर्यंत मागून नुसता वाहत न्यावयाचा. पुढें नक्षी उमटते आणि मागें आडव्या धाग्यांचा एक थर तयार होतो. कापड जणूं दुहेरी होतें, त्यांत हवा कोंडते, म्हणून तें अधिक गरम लागतें. समुद्रावरच्या वाऱ्यांत काम करणाऱ्या लोकांनीं ही रीत उचलली, यांत नवल नाहीं.

परंतु गुण जेथें आहे, तेथेंच दोषही आहे. मागचा धागा ओढून नेला, तर कापड आकसतें व कुंची डोक्यांत जात नाहीं. ढिला सोडला, तर आंत फांस लोंबतात. मोठ्या माणसाच्या टोपींत तो फांस फार तर केंसांत अडकेल. तान्ह्याच्या हातमोज्यांत किंवा पायमोज्यांत मात्र हा खेळ नव्हे. इवलें बोट फांसांत गेलें आणि धाग्याचा वेढा बसला, तर रक्त खेळावयाचें थांबतें. मूल रडतें आणि रडण्याचें कारण मोज्याच्या आंत असल्यानें कोणाला दिसत नाहीं. म्हणून तान्ह्याच्या हातापायांना मागून धागा वाहण्याची नक्षी करूंच नये. तेथें घोंगडीचे पट्टे बरे. कुंचीवर नक्षी चालेल, पण तिला आंतून मऊ सुती अस्तर लावावें. जुन्या धोतराचें किंवा लुगड्याचें कापड याहून चांगलें दुसरें नाहीं.

धागा नीट वाहण्याचीही एक हातोटी आहे. रंग बदलण्यापूर्वीं उजव्या सुईवर आलेले टांके बोटांनीं पसरून घ्यावे आणि मग नवा धागा आणावा, म्हणजे तो आपोआप हवा तेवढा लांब राहतो. एका रंगाचे पांचाहून अधिक टांके लागोपाठ येत असतील, तर मधल्या एका टांक्यापाशीं मागचा धागा पुढच्या धाग्याखालीं दडपून घ्यावा. शिवाय दोन धाग्यांपैकीं कोणता नेहमीं खालून न्यावयाचा हें पहिल्याच ओळींत ठरवून टाकावें. खालून जाणाऱ्या धाग्याचे टांके किंचित् मोठे पडतात व तोच रंग नक्षींत उठून दिसतो. मध्येंच अदलाबदल केली कीं अर्धी नक्षी ठळक आणि अर्धी फिकी. विणणारी मग लोकरीच्या दुकानदाराला दोष देते.

नक्षी आधीं चौकटींच्या कागदावर मांडतात. शाळेच्या गणिताच्या वहीचा कागद घेण्याची चाल आहे, पण त्यांत एक फसवणूक असते. कागदावरची चौकट समचौरस, तर सुलट टांका उंचीपेक्षां रुंद. कागदावर वाटोळा काढलेला चंद्र सुईवरून उतरला कीं चेपलेला दिसतो. म्हणून चार बोटें लांबरुंद तुकडा आधीं विणून पाहावा. या तुकड्याचा कंटाळा करणाऱ्या बायका पुढें सगळी कुंची उसवतात.

रंगांची निवड हा बाहेर पडण्याचा विषय आहे. प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावर वसलेल्या या गांवांत संध्याकाळीं नदीकांठीं गेलें, तर ओला काळा दगड, पाण्याचा करडा रंग आणि पलीकडच्या ऊंसाची हिरवळ हीं एका दृष्टींत सांपडतात. पेमगिरीच्या गडावर सतराव्या शतकांत शहाजीराजांनीं निजामशाहीच्या बालवारसास गादीवर बसविलें होतें. त्या गांवाजवळ कित्येक गुंठे व्यापलेला जुना वड आहे. त्याच्या सावलींत बसून पाहिलें, तर हिरव्या रंगाच्या एकाच जातींत किती उजेड व किती काळोख मावतो तें कळतें. विणकामाला उपयोगी पडतो तो हा उजेड-काळोखाचा भेद. लाल आणि हिरवा शेजारीं ठेवले तरी दोन्ही सारखेच गडद असल्यास नक्षी बुडून जाते. डोळे अर्धे मिटून पाहावें, किंवा हल्लींच्या सोयीप्रमाणें मोबाईलवर कृष्णधवल छायाचित्र घ्यावें. दोन्ही गुंडे एकाच करड्या रंगाचे दिसले, तर एक बदलावा.

बाहेर जातांना कोणतें काम पिशवींत घालावें, याचाही विवेक हवा. एस. टी. च्या धक्क्यांत दोन रंगांची मोजणी टिकत नाहीं; टांका निसटतो तो उतरल्यावर कळतो. तेथें एकरंगी पट्टी किंवा कानटोपीची कड न्यावी. नदीकांठीं, देवळाच्या ओट्यावर, दवाखान्यांत पाळी येण्याची वाट पाहतांना सुलट टांके आपोआप होतात. नक्षीच्या ओळी घरीं, दिवसाच्या उजेडांत. दिव्याखालीं निळा आणि काळा यांची गफलत नेहमींचीच.

लोकर घेतांना एक कसोटी जरूर करावी. बाजारांत लोकर म्हणून मिळतें त्यांतलें बरेंचसें कृत्रिम ॲक्रिलिक असतें. तें स्वस्त, मऊ, धुण्यास सोपें, आणि रंगांनीं भरलेलें. त्याला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. पण बोटभर धागा चिमट्यांत धरून आंच लावून पाहावी. खरी लोकर सावकाश करपते, केंस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनीं चुरडते. ॲक्रिलिक भडकन् पेटतें, वितळतें आणि मागें काळा कठीण मणी राहतो. कोपीच्या तोंडाशीं चूल असते, वाऱ्यानें ठिणग्या उडतात, आणि वितळलेला धागा कातडीस चिकटतो. ज्या मुलाचें घर पाचटाचें आहे, त्याच्यासाठीं खऱ्या लोकरीचे चार पैसे अधिक द्यावे, नाहींतर जाड सुती धाग्याची कुंची विणावी. दख्खनी लोकर मात्र या कामास घेऊं नये. ती तान्ह्याच्या कातडीला टोचते. तिचें ठिकाण घोंगडी, आणि रात्रीं पाणी भरणाऱ्याच्या खांद्यावर तिची बरोबरी करणारें दुसरें वस्त्र नाहीं.

काम पुरें झाल्यावर शेवटचीं टोंकें कापून गांठ मारूं नये. गांठ टोचते आणि पुढें सुटतेही. प्रत्येक टोंक जाड सुईंत ओंवून त्याच रंगाच्या टांक्यांच्या पाठीमागून दोन-तीन बोटें नागमोडी न्यावें, मग कापावें. नंतर कुंची उलटी करून आपलें बोट आंतून चहूंकडे फिरवावें. कोठें अडलें, तर तो धागा अस्तर लावण्यापूर्वींच टांचून घ्यावा. खरी लोकर असेल तर कोमट पाण्यांत, न चोळतां धुवावी, पंचांत दाबून पाणी काढावें आणि सावलींत सपाट पसरून वाळवावी.