पडद्यावरील जंतू

डेन्मार्कच्या हान्स क्रिस्तियान ग्रॅम यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेली अभिरंजनाची रीत वैद्यकाचा प्रत्येक विद्यार्थी आजही शिकतो. काचपट्टीवर प्रथम जांभळा रंग, त्यावर आयोडीन, मग अल्कोहोलची धुलाई व शेवटी तांबडा रंग, असा तिचा क्रम. जाड भित्तीचे जंतू जांभळे राहतात, पातळ भित्तीचे तांबूस दिसतात. रुग्णास प्रथम कोणते औषध द्यावे, याचा विचार पुष्कळदा या दोन रंगांपासूनच सुरू होतो.

मार्च २०२० मध्ये साथीमुळे भारतातील वैद्यकीय महाविद्यालयांचे वर्ग बंद झाले, तेव्हा हा पाठ संगणकाच्या पडद्यावरून द्यावा लागला. तो वाया गेला असे मुळीच नाही. साध्या सूक्ष्मदर्शकात एका वेळी एकच विद्यार्थी पाहतो. त्यास नेमके काय दिसले, हे अध्यापकास कळत नाही. पडद्यावर एकच काचपट्टी सर्वांपुढे ठेवून नेमक्या जंतूवर बोट ठेवता येते. प्लेगच्या जंतूंची जिवंत वाढ वर्गात आणणे धोक्याचे. तिचे चित्र निर्धोक.

परंतु पडद्यावरील काचपट्टी बहुधा उत्तम रंगविलेली असते, आणि हीच तिची उणीव होय. अल्कोहोल थोडे अधिक वेळ राहिले, तर जांभळे जंतूही रंग सोडून तांबूस दिसू लागतात, आणि निदान चुकते. ही वेळ चित्रफितीत सांगता येईल. हाताला ती धुलाई करतानाच उमगते. म्हणून बिघडलेल्या काचपट्ट्याही पडद्यावर मुद्दाम दाखवाव्यात, काय चुकले ते विद्यार्थ्यासच विचारावे, आणि त्याच आठवड्यात त्यास स्वतःची पट्टी रंगवावयास लावावी.