मोनेचा मोतीबिंदू आणि आपल्या प्रबंधातलं ‘मुळे’

इम्प्रेशनिस्ट म्हणजे दृक्‌प्रत्ययवादी चित्रकार क्लोद मोने (१८४०–१९२६) याची दोन चित्रं इंटरनेटवर शोधा आणि शेजारी शेजारी ठेवा. विषय एकच आहे, फ्रान्समधल्या जिव्हर्नी गावी त्याने स्वतः फुलवलेल्या बागेतला जपानी पद्धतीचा पूल. १८९९च्या चित्रात पूल स्पष्ट दिसतो, भोवती हिरवा-निळा गारवा आहे. १९१८ नंतरच्या चित्रात लाल, तपकिरी, नारिंगी रंगांचा गुंता आहे. पूल शोधावा लागतो.

हे कशामुळे झालं? उत्तर लगेच सापडतं. १९१२ मध्ये मोनेला मोतीबिंदूचं निदान झालं. जानेवारी १९२३ मध्ये, वयाच्या ८२व्या वर्षी, उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. म्हणजे मोतीबिंदूमुळे रंग बदलले. झालं, संपलं!

थांबा. मोने ज्या डोळ्यांनी बाग बघत होता, त्याच डोळ्यांनी कॅनव्हासही बघत होता. बाग पिवळट दिसत असेल, तर कॅनव्हासवरचा रंगही त्याला पिवळटच दिसणार. मग त्याने जुळवलेला रंग आपल्याला बरोबर दिसायला हवा. चूक चुकीला खाऊन टाकते.

पण हा आक्षेपही पुरता टिकत नाही. मोतीबिंदूने पिवळं-तपकिरी झालेलं भिंग निळा-जांभळा प्रकाश अडवतं. त्यामुळे रंग नुसते सरकत नाहीत, काही रंगांमधला फरकच पुसट होतो. जो फरक दिसतच नाही, तो जुळवणार कसा? मोने ट्यूबवरची नावं वाचून रंग घेई, पॅलेटवर त्यांचा क्रम ठरलेला ठेवी. म्हणजे मोतीबिंदूचं कारण पुन्हा जिवंत झालं.

आता तिसरी अडचण बघा. पॅरिसच्या ऑरांजरी संग्रहालयातली कमळांची प्रचंड चित्रंही मोनेने १९१४पासून अखेरपर्यंतच्या काळात रंगवली. त्यांच्यात निळा आणि हिरवा भरपूर आहे. काळ तोच, माणूस तोच, मग रंग वेगळे का? शिवाय तो एकेका कॅनव्हासवर वर्षानुवर्षं काम करायचा, शस्त्रक्रियेनंतरही. त्यामुळे ‘आधीचं’ आणि ‘नंतरचं’ चित्र असे सरळ दोन गट पडत नाहीत. आणि न आवडलेली कितीतरी चित्रं त्याने स्वतःच नष्ट केली. आपल्या हाती आहे तो नमुना, सगळं काम नव्हे.

मग लिहायचं काय? ‘मोतीबिंदूमुळे मोनेची शैली बदलली’ हे वाक्य आकर्षक आहे, पण पुराव्याच्या पुढे धावतं. ‘मोतीबिंदूने त्याची रंग ओळखण्याची क्षमता घटवली, काही चित्रांतल्या बदलात त्याचा वाटा असू शकतो, पण चित्रकाराची स्वतःची निवड नाकारता येत नाही’ हे वाक्य लांबडं आहे, पण तोंडी परीक्षेत तुमच्या मागे उभं राहील.

तुमच्या संशोधन आराखड्यात ‘मुळे’ हा शब्द जिथे जिथे आला असेल, तिथे पेन्सिलीने खूण करा आणि तीन प्रश्न विचारा. हे कारण नेमकं कसं काम करतं? कारण हजर असूनही परिणाम न दिसलेलं एखादं उदाहरण आहे का? आणि जो पुरावा माझ्यापर्यंत पोचलाच नाही, तो कुठे गेला?

तिन्हींची उत्तरं देता आली, तर ‘मुळे’ खुशाल ठेवा. नाहीतर खोडायला पेन्सिलीच्या मागे रबर असतोच.