थेंबाची खूण

लग्नाचं शूटिंग करणारी आजची पोरं एसी हॉलमधून थेट अंगणात धावतात. मे महिना, कोकणातली दमट हवा. उंबरठा ओलांडताच थंडगार लेन्सवर दव. वरातीची पहिली मिनिटं दुधात बुडवल्यासारखी येतात, वर 'एडिटिंगला बघू' हे उत्तर तयार. जुने व्हिडिओवाले चिडतात ते उगाच नाही.

व्हीएचएसची वर्षं सोडून द्यावीत. खांद्यावरचं ते धूड वागवण्यातच जीव जायचा. खरा काळ १९९५ नंतरचा. त्या वर्षी सोनीचा व्हीएक्स-१००० आला आणि पुढची दहा-बारा वर्षं मिनी-डीव्हीने गाजवली. फीत जेमतेम पाव इंच रुंद, आणि ती गुंडाळली जायची मिनिटाला ९००० फेरे घेणाऱ्या ड्रमभोवती. ड्रमला ओल धरली की फीत चिकटणार, चुरगळणार. म्हणून आत दवाचा सेन्सर असे. पडद्यावर थेंबाची खूण लुकलुकायची, सोनीच्या हँडीकॅमवर 'सी:२१' उमटायचं आणि कॅमेरा संपावर जायचा. कॅसेट तेवढी काढता येई. झाकण उघडं ठेवून तासभर थांबा, असं पुस्तिका सांगे. इकडे भटजी 'सावधान' म्हणून मोकळे!

त्या धाकाने शिस्त लागली. एसी खोलीतून निघताना कॅमेरा खोलीतच प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, तोंड आवळून बांधायचं आणि बाहेर आल्यावर कॅमेऱ्याचा गारवा जाईपर्यंत गाठ सोडायची नाही. दव पिशवीवर धरतं, काच कोरडी राहते. चातुर्मासात मुहूर्त नसत. तेव्हा कॅमेरा हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी पडले की तापवून पुन्हा निळे करायचे. काही महाभागांनी कॅमेरा तांदळात पुरला आणि झूमच्या रिंगमध्ये पीठ भरून घेतलं. तो सल्ला अजून मेलेला नाही.

मग मेमरी कार्ड आलं. ड्रम गेलं, दटावणारा थेंब गेला, धाकही गेला. 'वेदर सील्ड' म्हणून मिरवणारा कॅमेरा शिंतोडे अडवतो. दव अडवणं त्याच्या हातात नाही. झूम मागेपुढे करताना बऱ्याच लेन्स बाहेरची दमट हवा आत ओढतात. कापडी बॅगेत चार महिने पडलेल्या लेन्सवर कोळिष्टकासारखी बुरशी पसरते आणि कोटिंग खाते. साफ केली तरी व्रण राहतो.

तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा घेतलेल्यांनी त्याआधी लेन्सच्या मागून एकदा टॉर्च मारून बघावा.