फेब्रुवारीतले तीनशे रुपये

महाराष्ट्रातल्या नोकरदाराने पगारपत्रक नीट पाहावे. व्यवसाय कर दरमहा 200 रुपये, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2500. 1975 साली हा कर आला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातला पगारदार खेड्यातल्या मजुराच्या कामाचे पैसे भरणार, अशी ती कल्पना. आज किती जणांना हे ठाऊक आहे?

गरिबाला काय द्यायचे, हे तिजोरीइतकेच समाजाच्या मनात ठरते. इंग्लंडच्या 1834 च्या गरिबांच्या मदतीविषयीच्या कायद्यामागे गरिबी म्हणजे आळस, असा समज होता. म्हणून मदत हवी तर ‘वर्कहाउस’मध्ये या, आणि तिथले जिणे बाहेरच्या सर्वांत गरीब मजुरापेक्षाही वाईट असले पाहिजे, हे तत्त्व. नवरा-बायकोलाही तिथे वेगळे ठेवत.

आपल्याकडे 1972 च्या दुष्काळात लाखो लोक खडी फोडायला, पाझर तलाव खणायला गेले. फुकटचे खाणे कमीपणाचे, पण घाम गाळून मागितलेले काम हा हक्क, ही भावना रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे यांनी हेरली आणि पुढे तिचा कायदा झाला. 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. 2005 चा देशव्यापी रोजगार हमी कायदा त्याच वाटेने गेला.

मात्र घामाची अट म्हाताऱ्यांना, अपंगांना बाहेर ठेवते. शिवाय मजुरी मापावर: खड्डा मोजायचा, मग पैसे. मुरूम कठीण लागला की दिवसभर राबूनही हातात कमीच पडायचे.