देवळालीचा ताप

मैत्रिणींनो, माझं माहेर नाशिकरोडचं. देवळाली कॅम्प तिथून अगदी जवळ. लहानपणी देवळाली म्हटलं की डोळ्यांपुढे यायची ती मोठमोठी झाडं, लष्कराचे स्वच्छ रस्ते आणि हवापालटासाठी येणाऱ्या मुंबईकरांचे बंगले. त्यामुळे इंग्लंडात राहणारी माझी भाची परवा फोनवर म्हणाली, "मावशी, इथे कुणी वेड्यासारखं वागलं ना, की तो 'डूलाली' झाला म्हणतात. आणि हा शब्द आपल्या देवळालीवरून आलाय!" तेव्हा मला आधी हसूच आलं. मग म्हटलं, बघू या तरी हे प्रकरण काय आहे ते.

भाचीचं म्हणणं खरं निघालं. १८६१च्या सुमारास इंग्रजांनी देवळालीला छावणी उभारली. आगबोटीने मुंबईला उतरलेले गोरे शिपाई आधी इथे येत आणि मग ठिकठिकाणच्या पलटणींत जात. नोकरीची मुदत संपलेले शिपाईही मायदेशी परतण्यासाठी इथेच येऊन थांबत. पण त्यांना नेणाऱ्या बोटी सुटत त्या साधारण नोव्हेंबर ते मार्च याच दिवसांत. एखाद्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडाशी संपली, की बिचाऱ्याला पुढच्या बोटीची वाट पाहत कित्येक महिने काढावे लागत.

हाताला काम नाही, घरची ओढ लागलेली, त्यात उन्हाळा आणि हिवताप! कुणी दारूच्या नादी लागे, कुणी मारामाऱ्या करी, कुणाचं मन खरोखरच बिघडे. अशाला सोबती म्हणत, 'ह्याला डूलाली टॅप झालाय.' देवळालीचं गोऱ्यांच्या तोंडी झालं डूलाली. आणि टॅप म्हणजे काय, सांगा पाहू? अहो, आपला ताप! फ्रँक रिचर्ड्स नावाच्या शिपायाने १९३६ साली निघालेल्या 'ओल्ड सोल्जर साहिब' या आठवणींच्या पुस्तकात देवळालीतल्या ह्या रिकाम्या दिवसांबद्दल लिहिलं आहे.

पुढे 'टॅप' गळून पडला, नुसतं 'डूलाली' उरलं. आता तिकडे चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणाऱ्या आजीलाही कुणी गमतीने डूलाली म्हणतं.

माझ्या माहेरच्या शेजारच्या गावाचं नाव असं वापरतात, म्हणून खरं सांगायचं तर मला थोडा रागच आला. पण तो फार वेळ टिकला नाही, कारण मला माझीच एक गोष्ट आठवली. शाळेत एका दंगेखोर मुलाला मी सहज म्हटलं होतं, "तुला आता ठाण्यालाच पाठवायला हवं!" सगळा वर्ग खो खो हसला. एक मुलगी मात्र मान खाली घालून बसली. तिचे वडील मानसिक आजारावर उपचार घेत होते, हे मला नंतर तिच्या आईकडून कळलं. त्या बाई रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "बाई, ती दोन दिवस नीट जेवली नाही." त्या दिवसापासून 'ठाणं' आणि 'येरवडा' हे शब्द मी थट्टेत वापरले नाहीत.

त्या शिपायांना वेड काही देवळालीने लावलं नव्हतं. लावलं ते रिकामपणाने, आजाराने आणि न संपणाऱ्या वाट पाहण्याने. पण बदनाम झालं ते गाव!

आपल्या घरातही कधी सासूबाई एकाएकी चिडचिड करू लागतात, कधी धाकटी जाऊ गप्प गप्प राहू लागते. 'डोकं फिरलंय' म्हणून आपण मोकळ्या होतो. त्याऐवजी घटकाभर जवळ बसून विचारलं, "काय होतंय गं तुला?", आणि गरज पडली तर तापाला दाखवतो तसं डॉक्टरांना दाखवलं, तर? शेवटी तोही एक तापच, नाही का?