वाचता येत नाही, पण ऐकता येते ना?

मागच्या पावसाळ्यात भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचे काम करणारे एक गृहस्थ आपल्या आठवीतल्या मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. तक्रार पोटदुखीची. दर सोमवारी सकाळी पोट दुखते, रविवारी कधीच नाही! तपासले, पोट ठणठणीत होते. मग मी दप्तर उघडायला लावले, तेव्हा वडिलांनी खरे ते सांगितले.

"डॉक्टरसाहेब, दिवाळीनंतर याला माझ्याबरोबर कामालाच लावतो. आठवीत आलं तरी पोरगं दोन ओळी धड वाचत नाही. मठ्ठच आहे."

मुलगा मान खाली घालून बसला होता. मी त्याला इतिहासाच्या पुस्तकातला १८५७ च्या लढ्याचा धडा काढायला सांगितला. 'संघर्ष' मधल्या 'घ' चा त्याने 'ध' केला आणि रफार सोडूनच दिला. चार ओळींना तीन मिनिटे लागली. काय वाचलेस, असे विचारले तर एक शब्द सांगता येईना. मग पुढचा परिच्छेद मी मोठ्याने वाचला आणि पाच प्रश्न विचारले. पाचही उत्तरे बरोबर! वर त्यानेच मला विचारले, "पण शिपाई मेरठहून दिल्लीलाच का गेले?" वडील त्याच्याकडे पाहतच राहिले.

वाचकहो, हा मठ्ठपणा नव्हे आणि आळसही नव्हे. याला वाचन-अक्षमता म्हणतात, इंग्रजी नाव डिस्लेक्सिया. २००७ च्या 'तारे जमीन पर' चित्रपटामुळे हा शब्द घरोघरी पोचला, पण आपल्या घरात तो कुणी वापरत नाही. बुद्धी शाबूत असते, डोळेही चांगले असतात. अक्षर आणि त्याचा उच्चार यांची सांगड मेंदूत चटकन बसत नाही, एवढेच. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्रज डॉक्टरने पर्सी या चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत छापली होती. शिक्षण सगळे तोंडी असते तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या मास्तरांचे मत त्यात दिले आहे. आमच्या भाईंदरच्या मुलाचे याहून निराळे काय होते?

आपली लिपी उच्चाराप्रमाणे चालते, म्हणून सोपी, असे आपण म्हणतो. या मुलांना विचारून पाहा. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी, उच्चारायची नंतर. रफाराचे उलटे: उच्चार आधी, खूण मात्र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. शिवाय भ-म, थ-य, प-ष ही जुळी भावंडे आणि जोडाक्षरांची गर्दी!

आता उपायाकडे वळू. छापलेले पान मोठ्याने वाचणारे यंत्र अमेरिकेत रे कुर्झवाइल यांनी १९७६ साली अंधांसाठी आणले. ते टेबलभर मोठे होते. आज तेच काम वडिलांच्या खिशातला फोन करतो. पानाचा फोटो काढला की त्यातला मजकूर मराठीत वाचून दाखवणारी मोफत ॲप आहेत. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये मराठी आवाज उतरवून घेता येतो.

मी त्यांना सांगितलेली पद्धत अशी. वेग कमी ठेवायचा. पुस्तक समोर उघडे हवेच, आणि आवाज ज्या शब्दावर असेल त्या शब्दाखाली बोट. एक परिच्छेद झाला की थांबायचे आणि तो आपल्या शब्दांत सांगायचा. रोज पंधरा-वीस मिनिटे पुरेत. नुसते पडून ऐकले तर धडा कळेल, पण अक्षरओळख सुधारणार नाही.

यंत्र चुकतेही. पानावरची चौकट मधेच वाचते, अंधुक फोटोत शब्द गाळते. जुन्या टंकात बांधलेली फाइल असेल तर अगम्य काहीतरी बडबडते, त्यापेक्षा छापील पानाचा फोटो बरा. आणि पहिली-दुसरीच्या मुलाला फोन देऊन मोकळे होऊ नका. त्याला ध्वनी आणि अक्षर यांची जोडी सावकाश शिकवणारा विशेष शिक्षक हवा. स्मरणशक्तीच्या टॉनिकवर पैसे घालवू नका, त्याने वाचन येत नाही.

शाळेतून निरोप आला, "घरी फोन वाचून दाखवेल, परीक्षेत कोण वाचणार?" प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्रात अशा विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय १९९६ मध्येच झाला. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा अशा या सवलती. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन-अक्षमतेचा स्पष्ट समावेश झाला. मात्र त्यासाठी मान्यताप्राप्त सरकारी वा पालिका रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. डोळे, कान, बुद्ध्यांक आणि वाचन-लेखन अशा वेगवेगळ्या दिवशी तपासण्या होतात. मराठी माध्यमाच्या मुलाची चाचणी मराठीतच व्हावी, असा आग्रह धरा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये दिलेली 'डाली' ही चाचणी मराठीतही आहे.

आमच्या गृहस्थांना मी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात धाडले. भाईंदरहून दादर, तिथे गाडी बदलून शीव, आणि प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडणार. ही यातायात दहावीच्या जानेवारीत सुरू करणारे पालक मी पाहिले आहेत. तोवर फार उशीर झालेला असतो. शंका आली त्याच वर्षी निघा.

गेल्या महिन्यात बापलेक पुन्हा आले, या वेळी खरोखरच्या खोकल्यासाठी. सोमवारच्या पोटदुखीचे विचारले तर मुलगा हसला. वडील म्हणाले, "रात्री फोन माझ्या हाती लागतच नाही. मग मीही शेजारी बसून इतिहास ऐकतो." त्यांची शाळा पाचवीत सुटलेली. का सुटली, असे मी विचारले. हा दोष पुष्कळदा घराण्यात चालत येतो, म्हणून हा प्रश्न मी नेहमीच विचारतो.

थोडे थांबून ते म्हणाले, "मलाबी अक्षरं लागत नव्हती, साहेब. मास्तर मारायचे." मुलगा त्यांच्याकडे बघत होता.

शीवची तिसरी खेप पुढच्या मंगळवारी आहे.