कोंबडी पिसे का टाकते?

मार्गशीर्षातल्या थंडीत खुराड्यापाशी पिसांचा सडा पडतो. कोंबडीची मान उघडी पडते, शेपूट झडते, अंडी तर केव्हाच थांबलेली असतात. मग घरात कोणीतरी म्हणते, "हिला रोग लागला. आता रस्साच करा." विद्यार्थी मित्रांनो, अशा वेळी थोडे थांबायला सांगा. बहुतेक वेळा ती आजारी नसते. जुनी, झिजलेली पिसे टाकून नवी घेत असते.

याच दिवसांत का? कारण दिवस लहान होतो. महाराष्ट्रात जूनमध्ये तो १३ तासांहून थोडा मोठा असतो, डिसेंबरात ११ तासांच्या आसपास. कोंबडीच्या मेंदूत प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात आणि कवटीतून झिरपणारा उजेडही त्यांना पुरतो. उजेडाचे तास घटले की अंडी घडवून आणणारी संप्रेरके कमी होतात व पिसे झडू लागतात. आधी डोके व मान, नंतर छाती, पाठ, पंख आणि शेवटी शेपूट.

आता थोडा हिशेब करू. दीड किलो वजनाच्या कोंबडीच्या अंगावर साधारण ७५ ते १०० ग्रॅम पिसे असतात. त्यांचा ८५ ते ९० टक्के भाग केराटिन या प्रथिनाचा असतो. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे नव्या पिसांना डझनभर अंड्यांइतकी प्रथिने लागतात! दोन्ही कामे एकदम कशी झेपणार?

केराटिनमध्ये गंधक असते. (गळलेल्या पिसाचे टोक जाळून पाहा. जळक्या केसासारखाच वास येईल. आपले केसही केराटिनचेच.) म्हणून नुसत्या ज्वारी-मक्यावर भागत नाही. शेंगदाण्याच्या पेंडीत प्रथिने भरपूर, पण गंधकयुक्त मेथिओनिन कमी. ते तिळाच्या पेंडीत चांगले असते. दोन्ही मिसळून द्या, जोडीला सुकटीचा चुरा. बुरशी आलेली पेंड मात्र अजिबात नको, ती विषारी असू शकते.

पिसे हेच कोंबडीचे पांघरूण. तिच्या शरीराचे तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या वर असते; उघड्या अंगाने ते टिकवायला जास्त खावे लागते. खुराड्याच्या वाऱ्याच्या बाजूला गोणपाट लावा, पण वरची फट मोकळी ठेवा. विष्ठेतून निघणारा अमोनिया बाहेर जायला हवा. खाली कोरडे तूस पसरा. तिला सारखे उचलू नका. नव्या पिसाच्या नळीत रक्त खेळत असते; नळी मोडली तर रक्त वाहते आणि दुखतेही.

खरा आजार कसा ओळखावा? पिसे झडणारी कोंबडी खाते-पिते, डोळे टवटवीत असतात आणि उघड्या कातडीवर नव्या पिसांचे कोंब दिसतात. कोंब नसतील, गुदद्वाराजवळच्या पिसांच्या बुडाशी उवांच्या अंड्यांचे पुंजके असतील किंवा ती खाणे सोडून मलूल बसली असेल, तर पशुवैद्यांना दाखवा.

गंमत अशी, की उशिरा आणि भराभर पिसे टाकून अगदी बोडकी दिसणारी कोंबडीच बहुधा चांगली अंडी देणारी असते. सुरीखाली जाते ती नेमकी हीच! पंखाचे एक मोठे पीस पुरे वाढायला सुमारे सहा आठवडे लागतात, सगळा पिसारा यायला दोन-तीन महिने. २२ डिसेंबरनंतर दिवस पुन्हा मोठा होऊ लागतो. पिसारा भरला, की काही आठवड्यांत खुराड्यात अंडे सापडेल.